पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या वस्तूंचे स्टॉक फोटो: शीर्षक आणि कीवर्डबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात स्टॉक साइटसाठी, म्हणजे शटरस्टॉक, ॲडोबी स्टॉक, आयस्टॉक अशा फोटो विकणाऱ्या संकेतस्थळांसाठी, फोटो काढणारे आता बरेच जण झालेत. कुणी लग्नाचे फोटो काढून उरलेल्या वेळात करतं, कुणी घरच्या खिडकीच्या उजेडात. फोटो सुरेख येतात, पण विकले जात नाहीत, आणि मग लोक माझ्याकडे येतात. बहुतेक वेळा खोट फोटोत नसते, फोटोखालच्या शब्दांत असते. नेहमीचे प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं इथं एकत्र केली आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. मोठ्या साइटवर शीर्षक आणि कीवर्ड (ज्यांनी फोटो शोधला जातो ते शब्द) इंग्रजीत द्यावे लागतात. वाचायला सोपं जावं म्हणून या पानावर मी ते देवनागरीत लिहिलेत. अपलोड करताना रोमन लिपीत आणि स्पेलिंग तपासूनच लिहा.

फोटो चांगला असला तर तो दिसणारच. शब्दांवर एवढा वेळ कशाला घालवायचा?

रंकाळ्याच्या संध्याकाळच्या फोटोत पाणी असतं, आभाळ असतं, माणसं असतात, ऋतू असतो. खरेदीदार यातल्या कुठल्याही धाग्यानं त्या फोटोपर्यंत पोचू शकतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या वस्तूचं तसं नसतं. जागा, माणूस, वेळ, सगळं आपणच पुसून टाकलेलं असतं. मागं उरते एकटी वस्तू, आणि ती काय आहे हे सांगायला फक्त शब्द.

असा फोटो घेणारा माणूसही घाईत असतो. त्याला मसाल्याच्या पाकिटावर मिरची हवी असते, पाठ्यपुस्तकात खलबत्ता हवा असतो, मिठाईच्या जाहिरातीत गूळ हवा असतो. तो फोटोच्या प्रेमात पडायला आलेला नसतो. त्याला नेमकी वस्तू, नेमक्या कोनातून आणि लगेच हवी असते. तो शोधपेटीत जे दोन-तीन शब्द टाकेल, ते आपल्याकडे असले तरच आपला फोटो त्याच्यासमोर येतो.

शीर्षक नेमकं कसं लिहायचं?

फोनवर कुणाला तरी फोटोचं वर्णन करून सांगतोय असं समजा. किती आहेत, कशाचं आहे, काय आहे, कोणत्या अवस्थेत आहे आणि मागं काय आहे, एवढंच.

मी पहिल्यांदा गुळाचा फोटो टाकला तेव्हा शीर्षक दिलं होतं ‘गोल्डन स्वीटनेस’. मला ते फार आवडलं होतं. पण त्यात गूळ कुठं होता? आज मी त्याच फोटोला लिहीन: ‘ब्लॉक ऑफ इंडियन जॅगरी विथ ब्रोकन पीसेस आयसोलेटेड ऑन व्हाइट’. ‘आयसोलेटेड’ म्हणजे भोवती काहीही नसलेली, एकटी वस्तू. रोमन लिपीत रिकाम्या जागा धरून ही ६० अक्षरं होतात. ॲडोबी स्टॉक शीर्षक शक्यतो ७० अक्षरांत ठेवायला सांगतं, आणि शटरस्टॉकच्या वर्णनाला २०० अक्षरांची मर्यादा आहे. मी दोन्हीकडे एकच आखूड वाक्य वापरतो.

शीर्षक म्हणजे कीवर्डची माळ नव्हे. ‘जॅगरी, स्वीट, फूड, इंडिया, शुगर, ब्राउन’ असं स्वल्पविराम देत शीर्षकात कोंबू नका. माणसाला वाचता येईल असं एक सरळ वाक्य पुरतं.

वस्तूचं मराठी नाव टाकायचं, का इंग्रजी? मराठी टाकलं तर कुणाला कळतंय?

दोन्ही टाकायची. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

चप्पल लाइनमधून, म्हणजे कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजारातून आणलेला एक कोल्हापुरी जोड समोर ठेवा. ‘लेदर सँडल्स’ एवढंच लिहिलंत तर जगभरातल्या असंख्य सँडलच्या ढिगाऱ्यात तो हरवेल. ‘पायताण’ एवढंच लिहिलंत तर आपल्या भागाबाहेरच्या कुणालाच तो सापडणार नाही. म्हणून शीर्षक असं: ‘पेअर ऑफ ब्राउन लेदर कोल्हापुरी चप्पल सँडल्स आयसोलेटेड ऑन व्हाइट’. यात वस्तूचं स्वतःचं नाव आहे आणि परक्याला समजेल अशी ओळखही आहे.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं अंगठ्याच्या, वेणीच्या चपला दाखवल्या आणि त्यांचं वर्णन ‘लेदर सँडल्स’ असं केलं, तेव्हा इथं किती संताप झाला ते आठवतंय ना? चामडं होतं, सँडल होती, शब्द खोटे नव्हते. नाव तेवढं गायब होतं. पुढं त्या कंपनीला ही प्रेरणा भारतीय चपलेची आहे हे मान्य करावं लागलं, आणि जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात येऊनही गेली. मला त्या वेळी सारखं वाटत होतं की आपण स्वतःच आपल्या चपलेच्या फोटोखाली ‘लेदर सँडल्स’ एवढंच लिहून मोकळे होत असू, तर दुसऱ्याला कोणत्या तोंडानं बोलायचं? वस्तूचं नाव सर्वांत आधी आपण लिहायला हवं.

या चपलेचे कीवर्ड मी असे रचतो. सुरुवातीला कोल्हापुरी, चप्पल, सँडल, लेदर, फुटवेअर, इंडियन, हँडमेड, पेअर, ब्राउन, आयसोलेटेड. मग रचना: टो लूप, ब्रेडेड, फ्लॅट, ओपन टो, स्लिप ऑन. गोंडा असेल तर टॅसल किंवा पॉमपॉम. मग संस्कृती: ट्रॅडिशनल, एथनिक, महाराष्ट्र, क्राफ्ट, आर्टिसन. शेवटी फोटोची तऱ्हा: टॉप व्ह्यू, स्टुडिओ शॉट, नोबडी. चपलेचे कान दिसत असतील तर त्याचं ‘इअर’ करू नका, ‘साइड फ्लॅप’ लिहा. कातडं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं आहे याची कारागिराकडून खात्री करून घेतली असेल तर ‘व्हेजिटेबल टॅन्ड’ जरूर टाका. पर्यावरणाचा विचार करणारे खरेदीदार हा शब्द शोधतात. खात्री नसेल तर मात्र टाकू नका.

इंग्रजीत नावच नसलेल्या वस्तूचं काय करायचं?

ती वस्तू काय काम करते ते लिहा. अडकित्ता म्हणजे ‘बीटल नट कटर’. सोऱ्या म्हणजे ‘चकली प्रेस’. दक्षिणेतल्या खरेदीदारासाठी ‘मुरुक्कू प्रेस’ही टाका, कारण यंत्र तेच आहे. विळीला ‘ट्रॅडिशनल इंडियन व्हेजिटेबल कटर’ म्हणा, आणि टोकाला खोवणी असेल तर ‘कोकोनट स्क्रेपर’ जोडा. मूळ नाव रोमन लिपीत कीवर्डमध्ये असू द्याच.

भाषांतराच्या यंत्रावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. चिंचपेटी शब्दशः घेतली तर चिंचेचा डबा होतो आणि बोरमाळ होते बोरांची माळ. मार्केट यार्डात गुळाच्या ढेपेला रवा म्हणतात. ‘गुळाचा रवा’ यंत्रात टाकून ‘सेमोलिना’ बाहेर आला तर त्यात यंत्राचा दोष नाही, तपासणं आपलं काम होतं. लवंगी मिरचीची ‘क्लोव्ह चिली’ झाली की लवंग शोधणाऱ्याला मिरची दिसणार आणि मिरची शोधणाऱ्याला काहीच दिसणार नाही. तिथं ‘स्मॉल हॉट चिली’ लिहा आणि सोबत ‘लवंगी’ रोमनमध्ये ठेवा.

तालमीतला मुद्गल हाही असाच अवघड मामला. इंग्रजीत त्याला ‘इंडियन क्लब’ म्हणतात. हे दोन शब्द जोडूनच ठेवायचे. ‘क्लब’ सुटा पडला तर तो नाइट क्लब आणि गोल्फच्या गर्दीत जाऊन बसतो. सोबतीला एक्सरसाइज, रेसलिंग, वुडन, स्ट्रेंग्थ ट्रेनिंग असे शब्द दिले की अर्थ पक्का होतो.

कोल्हापुरी साजाचा फोटो आहे. दागिन्याला काय काय लिहू?

परदेशातला खरेदीदार साज हा शब्द शोधणार नाही. तो ‘गोल्ड नेकलेस’, ‘इंडियन ब्रायडल ज्वेलरी’ किंवा ‘टेम्पल ज्वेलरी’ शोधेल. यातला शेवटचा शब्द मी साजाला लावत नाही. तो दक्षिणेतल्या वेगळ्या घडणीच्या दागिन्यांसाठी रूढ आहे, त्यानं चुकीचा माणूस येतो आणि रिकाम्या हातानं जातो.

साजाची खरी श्रीमंती त्याच्या पानड्यांत, म्हणजे ओवलेल्या छोट्या पदकांत आहे. परंपरेनं त्या एकवीस. त्यात मासा, कासव, शंख, नाग, चंद्र, भुंगा, बेलपान असे आकार असतात. जवळून काढलेल्या फोटोत जे आकार स्पष्ट दिसतात त्यांची नावं लिहा: फिश, टर्टल, कोंच, क्रेसंट मून, लीफ, आणि या सगळ्यांमागं मोटिफ आणि पेंडंट. न दिसणारा आकार लिहू नका, साजात तो असतो हे तुम्हाला माहीत असलं तरी. ठुशीला ‘चोकर’ हा शब्द हवाच, ती गळ्यालगत बसते. नथीला ‘नोज रिंग’, आणि तिच्यातले मोती ‘पर्ल’.

गुजरीतून, म्हणजे इथल्या सराफ बाजारातून एक ग्रॅम सोन्याचा साज आणून फोटो काढला असेल तर ‘गोल्ड प्लेटेड’ किंवा ‘गोल्ड कलर’ लिहा. सोनं आणि सोन्याचा मुलामा यांतला फरक आपल्याला दुकानात कळतो, तसा तो शब्दांतही कळायला हवा.

धातू, लाकूड, जात एवढं नेमकं लिहायलाच हवं का?

हवं. माझ्या एका तांब्याच्या फोटोवर दोन वर्षं ‘कॉपर’ होतं. एके दिवशी आईनं स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाली, “अरे, पितळ हाय ते. चिंचेनं घासून मीच दिलाय की तुला.” आपण पितळेच्या भांड्यालाही तांब्याच म्हणतो, आणि हात आपोआप ‘कॉपर’ टाइप करून गेला होता. तांब्याच्या भांड्यातलं पाणी हा वेगळाच विषय आहे, त्यासाठी फोटो शोधणाऱ्याला माझा पितळी लोटा काय कामाचा?

भाजी, फळ, फूल असेल तर शास्त्रीय नाव फायद्याचं. शैक्षणिक प्रकाशनं त्या नावानं शोधतात. जास्वंद असेल तर ‘हिबिस्कस रोझा सायनेन्सिस’, नारळ असेल तर ‘कोकोस न्यूसिफेरा’, ऊस असेल तर ‘सॅकरम’. मिरचीच्या बाबतीत ‘कॅप्सिकम ॲन्युअम’ लिहिण्याआधी जात खात्रीची आहे ना बघा, कारण तिखट मिरच्या वेगवेगळ्या प्रजातींच्या असतात. वाळलेली असेल तर ‘ड्राइड’, देठासकट असेल तर ‘स्टेम’.

इंग्लंडची इंग्रजी लिहायची का अमेरिकेची?

दोन्ही, पण शब्दच वेगळा असेल तेव्हा. वांग्याला आपण ‘ब्रिंजल’ म्हणतो, इंग्लंडमध्ये ‘ऑबर्जिन’, अमेरिकेत ‘एगप्लांट’. तिन्ही टाका. भेंडी म्हणजे ‘ओक्रा’ आणि ‘लेडीज फिंगर’. कोथिंबीर म्हणजे ‘कोरिअँडर’ आणि ‘सिलँट्रो’. शेंगदाणा म्हणजे ‘पीनट’ आणि ‘ग्राउंडनट’. ढबू मिरची म्हणजे ‘कॅप्सिकम’ आणि ‘बेल पेपर’. ज्वेलरीचं स्पेलिंगही दोन तऱ्हांनी होतं, ब्रिटिश स्पेलिंग लांब असतं.

गुळाला दक्षिण अमेरिकेतला ‘पनेला’ हा शब्द लावावा का, असं एकानं विचारलं होतं. पनेलाही उसाचा रस आटवूनच करतात, त्यामुळं मोह होतो. मी लावत नाही. आपला गूळ गुऱ्हाळात काहिलीत शिजलेला, त्याची घडण आणि चव आपली. ‘जॅगरी’, हिंदीतलं ‘गुड’, ‘केन शुगर’, ‘अनरिफाइन्ड’ एवढे शब्द त्याला पुरतात.

‘आयसोलेटेड’ कधी लिहायचं?

वस्तूच्या भोवती दुसरं काहीही नसेल आणि पार्श्वभूमी सपाट असेल तेव्हाच. ‘आयसोलेटेड ऑन व्हाइट’ म्हणायचं असेल तर पांढरा खरोखर पांढरा हवा. सॉफ्टवेअरमध्ये कोपऱ्यांवर कर्सर नेऊन पाहा, लाल-हिरवा-निळा तिन्ही आकडे २५५ दिसले पाहिजेत. खिडकीच्या उजेडात काढलेला पांढरा बहुतेक वेळा निळसर-राखाडी निघतो. तो तसाच ठेवायचा असेल तर ‘लाइट बॅकग्राउंड’ लिहा. वस्तूखाली मऊ सावली असलेली चालते, डिझायनरला ती अनेकदा हवीच असते. मग ‘शॅडो’ हाही कीवर्ड द्या.

‘क्लिपिंग पाथ’ म्हणजे वस्तू पार्श्वभूमीतून कापून घेण्यासाठी तिच्या कडेनं आखलेली रेघ. हे शब्द फाइलमध्ये खरंच असा पाथ सेव्ह केला असेल तरच. ‘ट्रान्सपरंट बॅकग्राउंड’ फक्त पारदर्शक पीएनजीला. जेपीईजीमध्ये पारदर्शकता नसतेच. हे शब्द खोटे निघाले की खरेदीदार चिडतो, आणि ते रास्त आहे, त्याचं तासभराचं काम वाढलेलं असतं.

किती कीवर्ड द्यायचे? क्रमाला महत्त्व आहे का?

शटरस्टॉकवर कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ५० चालतात, ॲडोबी स्टॉकवर ४९ पर्यंत. ॲडोबीवर क्रम महत्त्वाचा असतो, पहिल्या दहांना जास्त वजन मिळतं. म्हणून दहा शब्द मी आधी कागदावर लिहितो आणि मगच संगणकाला हात लावतो. एकट्या वस्तूच्या फोटोला मला साधारण पंचवीस-तीस शब्द खरे मिळतात. पन्नास भरायचेच म्हणून पुढं गेलं की ‘ब्यूटिफुल’, ‘नाइस’, ‘ऑब्जेक्ट’, ‘थिंग’ असा कचरा साठतो.

आयस्टॉकवर पद्धत वेगळी आहे. तिथं ठरलेली शब्दसूची असते आणि तुमचा शब्द तिच्यातल्या अर्थाशी जोडावा लागतो. ‘रिंग’ टाकलं की अंगठी, का घंटेचा आवाज, का कुस्तीचं रिंगण हे निवडायचं. कंटाळा न करता निवडा.

एकाच वस्तूचे सहा कोनांतले फोटो आहेत. सगळ्यांना तेच शब्द लावले तर चालतंय का?

मूळ शब्द तेच, पण जो फरक म्हणून तो फोटो काढलात तो फरक शीर्षकात आलाच पाहिजे. वरून, बाजूनं, जवळून, उघडं, झाकलेलं, अर्धं कापलेलं, एक, जोडी, ढीग. सहा फोटोंत असा फरक सांगता येत नसेल तर सहा टाकायचे कशाला? फार सारखे फोटो साइट नाकारतातही.

‘हेल्दी’, ‘प्रॉस्पेरिटी’ असे भावार्थाचे शब्द टाकावेत का?

वस्तू पाहून तो अर्थ कुणालाही लागत असेल तर दोन-चार टाका, आणि शेवटी टाका. समईला ‘वर्शिप’ आणि ‘दिवाली’ साजतं. गुळाला ‘संक्रांती’ आणि ‘गुढी पाडवा’ साजतं, कारण तिळगुळात आणि कडुलिंबाच्या प्रसादात तो असतोच. सणाचे फोटो मात्र दोन-तीन महिने आधी चढवा, जाहिरातीवाले संक्रांतीच्या आदल्या दिवशी शोधत बसत नाहीत.

गुळाला ‘शुगर फ्री’ किंवा ‘डायबेटिक’ लावलेलं पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं. गुळात मुख्यतः साखरच असते. तो फोटो उद्या कुणाच्या आहाराच्या पानावर जाईल आणि कुणीतरी त्यावर विश्वास ठेवेल. ‘ऑरगॅनिक’ हाही शब्द शेतकऱ्याकडं प्रमाणपत्र असेल तरच.

‘कोल्हापुरी’ हा शब्द कुठल्याही चपलेला लावता येतो का?

नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे येतात. रेक्झिनची, यंत्रावर ठोकलेली चप्पल कितीही तशी दिसली तरी तिच्या फोटोला ‘टो लूप सँडल’ म्हणा. या नावावर इथल्या आणि सीमेपलीकडच्या कारागिरांची घरं चालतात. कोल्हापुरी गुळालाही मानांकन आहे, तिथंही हाच न्याय.

कंपन्यांची नावं कीवर्डमध्ये अजिबात नकोत. वस्तूवर शिक्का किंवा लोगो असेल तर तो फोटोतून काढा.

साइट स्वतःच कीवर्ड सुचवते. तेच घेतले तर?

निम्मे उपयोगी असतात. पण माझ्या गुळाच्या खड्यांना एकदा ‘चीज’ आणि ‘सोप’ सुचवलं होतं. यंत्राला पिवळट, चौकोनी, खडबडीत एवढंच दिसलं. सुचवलेला प्रत्येक शब्द वाचा, चुकीचा खोडा, आणि नाव स्वतः लिहा. कारण ‘लवंगी’, ‘साज’, ‘ठुशी’ ही यंत्र सुचवेल याचा भरवसा नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेली चित्रं शटरस्टॉक योगदानकर्त्यांकडून घेत नाही. ॲडोबी घेतं, पण तशी खूण करावी लागते.

प्रत्येक साइटवर तेच तेच टाइप करावं लागतं. काही उपाय?

शब्द फाइलमध्येच भरा. लाइटरूम, ब्रिज किंवा मोफत मिळणारं डिजिकॅम या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये, तिन्हींत शीर्षक, वर्णन आणि कीवर्डच्या जागा असतात. ही माहिती आयपीटीसी या ठरलेल्या पद्धतीनं फोटोतच साठते आणि साइट ती आपोआप वाचते. शीर्षक आणि वर्णन या दोन्ही जागांत एकच वाक्य टाका, कारण काही ठिकाणी एक वाचलं जातं, काही ठिकाणी दुसरं. लाइटरूममधून एक्सपोर्ट करताना मेटाडेटाच्या (फोटोसोबत साठवलेल्या माहितीच्या) खणात ‘फक्त कॉपीराइट’ असं निवडलेलं राहिलं तर सगळी मेहनत गळून जाते. तेवढं बघा.

आधीचे शेकडो फोटो तसेच पडलेत. आता दुरुस्त करता येतील?

बहुतेक साइटवर मंजूर झालेल्या फोटोचे शब्द नंतर बदलता येतात. सगळे एका दमात करायला जाऊ नका, हात भरून येतो आणि पुन्हा चुका होतात. ज्या वस्तू दुसरीकडं सहज मिळत नाहीत त्यांच्यापासून सुरुवात करा: साज, अडकित्ता, मुद्गल, गुळाचा रवा. टोमॅटो आणि लिंबू शेवटी. रोज दहा फोटो, आणि प्रत्येकाला आधी कागदावर ते दहा शब्द.